हिवाळी शिबिरासाठी तंबू कसा निवडावा?

दसरा-दिवाळीच्या सुट्या आटोपून शाळा पुन्हा भरू लागल्या, की आपल्या हुबळी-धारवाडात शिबिरांचे बेत सुरू होतात. बालवीर आणि वीरबाला, राष्ट्रीय छात्रसेनेचे विद्यार्थी, निसर्गमंडळातील मुले, सर्वांनाच तीन-चार रात्री घराबाहेर काढावयाच्या असतात. कोणी दांडेली-हल्याळकडे बोट दाखवितो, कोणी कॅसलरॉककडे, तर कोणी थेट आंबोलीचे नाव काढतो. अशा वेळी पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो: “गुरुजी, मुले रात्री निजणार कुठे?” त्यावर “तंबूत” असे उत्तर मिळाले, की विषय संपतो, जणू काय तंबू म्हटला की तो सगळीकडे सारखाच! यंदा मात्र आमच्या शाळेने स्वतःचेच सहा तंबू घ्यावेत, असा विचार पुढे आला आहे. दाजीबानपेठेतील आणि आसपासच्या घरांतून त्यासाठी वर्गणी जमावयाची आहे. पैसा कष्टाचा आहे आणि त्या तंबूंत निजणारी मुले आपलीच आहेत. तेव्हा कोणता तंबू घ्यावा आणि तो का घ्यावा, याचा विचार थोडा खोलात जाऊन करावा, असे आम्हांस वाटते.

तंबू ही वस्तू मराठी माणसाला नवी नाही. डेरा, राहुटी, पाल, शामियाना, कनात असे किती तरी शब्द आपल्या भाषेत आहेत आणि प्रत्येकाची छटा निराळी आहे. दोन खांब, त्यांवर एक आडवे लाकूड आणि दोहों बाजूंना उतरते कापड, असे साधे पाल आजही भटक्या लोकांच्या वस्तीवर दिसते. विजयादशमीस सीमोल्लंघन करून मराठ्यांच्या फौजा मुलूखगिरीवर निघत. म्हणजे तंबूत राहण्याचा त्यांचा काळ मुख्यतः हिवाळ्याचाच असे. परंतु डोक्यावर तंबू आहे म्हणून थंडी वाजत नाही, असा काही नियम नाही. १७६० च्या नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अडीच महिने, मराठ्यांची छावणी पानिपतास अडकून पडली होती. तेथे डेरे होते, राहुट्या होत्या. पण पोटाला अन्न नव्हते आणि उत्तरेकडील थंडीला पुरतील असे कपडे अंगावर नव्हते. लढाईला तोंड लागण्यापूर्वीच माणसे आणि जनावरे खंगली होती. ऊब शरीरातून निर्माण होते, ती अन्नापासून मिळते आणि अंथरुणा-पांघरुणात टिकते. तंबूने वारा, दव आणि ओल एवढी अडवावीत. त्याहून अधिक अपेक्षा त्याच्याकडून करू नये. साधा तंबू आतील हवा बाहेरच्यापेक्षा फार तर दोन-चार अंश उबदार ठेवतो. हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे निवडीचे काम पुष्कळ सोपे होते.

“हिवाळ्याचा तंबू” हे शब्द ऐकताच आमच्या वर्गातील मुलांच्या डोळ्यांपुढे सियाचीन उभे राहते, आणि ते साहजिकच आहे. आपल्या शेजारच्या कुंदगोळ तालुक्यातील बेटदूर गावचे लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद हे त्या हिमनदीवरील सोनम चौकीवर असताना, ३ फेब्रुवारी २०१६ रोजी, बर्फाचा कडा कोसळून आपल्या नऊ सहकाऱ्यांसह गाडले गेले. त्या नऊ जणांत सातारा जिल्ह्यातील सुनील सूर्यवंशीही होते. सुमारे १९,६०० फूट उंचीवर, पंचवीस-तीस फूट बर्फाखालून हनुमंतप्पा सहाव्या दिवशी जिवंत सापडले. परंतु ११ फेब्रुवारीस दिल्लीच्या सैनिकी रुग्णालयात त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांचे पार्थिव हुबळीस आणले तेव्हा नेहरू मैदानावर लोटलेली गर्दी आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ज्या प्रदेशात आपला हा भूमिपुत्र पहारा देत होता, तेथील तंबूला बर्फाचे ओझे पेलावे लागते आणि तुफानी वारे सोसावे लागतात. म्हणून अशा तंबूला काठ्या अधिक असतात, त्याच्या बाजू उभट असतात, कापड जाड असते आणि हवेच्या जाळ्या अगदी थोड्या ठेवलेल्या असतात. बाजारात असे तंबू “चारही ऋतूंचे” या नावाने मिळतात. “हिमालयात चालतो, तो येथे चालणारच” असे दुकानदार सांगेल आणि ते ऐकावयासही बरे वाटेल. परंतु तो तंबू महाग, वजनाला भारी, आणि आपल्या हवेत तर चक्क गैरसोयीचा ठरतो. तो का, हे समजण्यासाठी आपल्याकडील हिवाळा मुळात कसा असतो ते पाहावे लागेल.

डिसेंबर-जानेवारीत आपल्या भागातील किमान तापमान बहुधा बारा ते पंधरा अंशांच्या आसपास असते. एखाद्या रात्री ते त्याहूनही खाली जाते. बर्फाचा प्रश्नच नाही. आपला खरा शत्रू आहे दव. आमच्या घरच्या कोकणीत त्याला दंव म्हणतात, कानडीत इब्बनी म्हणतात, आणि सगळेच ते “पडते” असे म्हणतात. वस्तुतः दव वरून पडत नाही. निरभ्र रात्री जमीन, पाने, तंबूचे कापड हे सारे आपली उष्णता आकाशाकडे फेकीत असते आणि लवकरच भोवतालच्या हवेहूनही थंड होते. अशा थंड पृष्ठभागाला हवेतील वाफ स्पर्श करते, तेव्हा तिचे पाणी होऊन ते तेथेच जमते. ढगाळ रात्री दव कमी असते, कारण ढग उष्णतेला आकाशाकडे निसटू देत नाहीत. झाडाखाली ते कमी असते, तेही याच कारणाने.

आता तंबूच्या आत काय घडते ते पाहा. निजलेला माणूस श्वासावाटे आणि त्वचेवाटे रात्रभर वाफ सोडीत असतो. एका माणसामागे आठ तासांत सुमारे पाव लिटर पाणी, असा अंदाज धरावयास हरकत नाही. म्हणजे चार मुले निजली की सकाळपर्यंत लिटरभर पाणी त्या एवढ्याशा जागेत सोडले गेले! कापड जाड आणि मेणचट, खिडक्या बंद, दार गच्च लावलेले, अशा तंबूतील ही वाफ जाणार कोठे? ती थंड कापडावर जमते आणि थेंबांच्या रूपाने अंथरुणावर टपकते. एका शिबिरात भाड्याने आलेल्या प्लॅस्टिकच्या अस्तराच्या तंबूंत मुलांनी थंडीच्या भयाने सारी दारे आणि झरोके बंद करून घेतले होते. पहाटे पांघरुणे ओली झालेली पाहून “रात्री पाऊस आला का?” असे ती विचारू लागली. बाहेर पावसाचा एक थेंबही आला नव्हता. ओल्या पांघरुणात कोरड्या पांघरुणाची निम्मी ऊबही राहत नाही. म्हणून थंडी टाळावयास दारे लावली आणि तीच थंडी अंगावर ओढवून घेतली, असे होते.

यावर उपाय म्हणजे दुपदरी तंबू. आतला पदर विरळ कापडाचा आणि वरच्या भागात जाळीचा. त्यावर चार बोटांचे अंतर सोडून दुसरे, पाणी न शिरणारे आच्छादन, ज्याला दुकानात फ्लाय म्हणतात. मुलांच्या श्वासातील वाफ जाळीतून वर निघून जाते आणि जमलीच तर बाहेरच्या पदराच्या आतील बाजूस जमते. तेथून ती ओघळून जमिनीवर उतरते, अंगावर येत नाही. आतला पदर आकाशाला थेट सामोरा नसल्यामुळे तो फारसा थंडही होत नाही. उन्हाच्या झळा लागू नयेत म्हणून इंग्रजी अमदानीतील साहेबांच्या तंबूंना दुहेरी छत असे. तीच युक्ती थंडीतही उपयोगी पडते. तंबू पाहताना म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा: वरच्या बाजूस, दोन्ही टोकांना, झरोके आहेत काय, आणि पाऊस आला तरी ते उघडे राहू शकतील असे त्यांवर छज्जे आहेत काय? नसतील तर तो तंबू कितीही देखणा असो, आम्ही तो घेऊ नये असे म्हणू.

वरून मोकळा हवा, तसाच तंबू खालून मात्र पक्का बंद हवा. लग्नाचे मांडव घालणाऱ्यांकडून जे मोठे कापडी तंबू भाड्याने मिळतात, त्यांना बहुधा तळ नसतो. खाली एक सतरंजी पसरली की झाले. मैदानावरील एखाद्या रात्रीसाठी तेही चालेल. मलनाडाच्या जंगलाकडे मात्र ते चालणार नाही, आणि याचे कारण केवळ साप-विंचू एवढेच नाही. १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूरच्या अरण्यात प्रथम ओळखला गेलेला माकडताप हा रोग गोचिडांच्या चावण्याने होतो. त्याचा जोर नेमका हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत राहतो. उत्तर कन्नड जिल्ह्यात तो ठाऊक आहेच. पुढे गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यापर्यंतही तो पोहोचला. ज्या दिशेला आपली मुले शिबिरास जावयाची, तोच हा टापू. यास्तव तळ बाजूंना शिवून एकजीव केलेला, कडा वीतभर वर उचललेल्या, आणि दाराला बारीक जाळी व दोन्ही बाजूंनी ओढता येणारी चेन, असाच तंबू घ्यावा. शिबिराची जागा ठरविण्यापूर्वी आरोग्य खात्याकडे चौकशी करावी आणि काळी व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूला जावयाचे असल्यास वनखात्याची परवानगी घ्यावी, हे वेगळे सांगावयास नकोच.

तळाचा आणखी एक उपयोग सांगतात, तो म्हणजे थंडी अडविणे. पण तो फारसा खरा नाही. पातळ कापडाचा तळ ओल अडवितो, गारठा अडवीत नाही. निजलेल्या माणसाच्या अंगातील ऊब खालची जमीन सतत शोषून घेत असते. घरून निघताना आई एकावर एक दोन रग बांधून देते आणि मुले ते दोन्ही पांघरतात. वास्तविक त्यांतील एक खाली गेला पाहिजे. हल्याळ-कलघटगीच्या बाजूला भाताचा पेंढा मिळतो, आपल्या काळ्या मातीच्या पट्ट्यात ज्वारीचा कडबा मिळतो. तंबू उभारण्यापूर्वी त्याचा वीतभर थर पसरून वर तंबूचा तळ घेतला, तर महागड्या गाद्यांची गरज उरत नाही. कडब्याची धसकटे तेवढी वेचून काढावीत, नाही तर तळाला भोके पडतील. त्यावर घोंगडे असले म्हणजे राजाची शेज!

कापडाच्या बाबतीत दोन पक्ष आहेत. जाड सुती कॅनव्हास हवा खेळू देतो, त्यात वाफ साचत नाही, ठिणगी पडली तरी तो भप्पकन वितळत नाही, आणि नीट सांभाळला तर वीस-वीस वर्षे टिकतो. परंतु त्याचे वजन उचलावयास मोठी माणसे लागतात आणि तो भिजला की दोन दिवस वाळत नाही. पॉलिएस्टरचा तंबू एक मुलगा पाठीवर नेऊ शकतो आणि तासा-दोन तासांत तो वाळतो. नायलॉनही हलके असते, पण ते ओले झाले की सैल पडते आणि उन्हाने लवकर कुजते. म्हणून त्यापेक्षा पॉलिएस्टर बरे. सुती की पॉलिएस्टर हा वाद आपल्या शहराला नवा नाही. बेंगेरीच्या खादी संघात राष्ट्रध्वज तयार होतात, आणि २०२१ च्या अखेरीस पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही परवानगी मिळाली तेव्हा त्या संघाने केलेली तक्रार आपण वृत्तपत्रांतून वाचली आहे. ध्वजाच्या बाबतीत आमचे मन खादीकडे आहे. तंबूच्या बाबतीत मात्र, जेथे मोटार तंबूपर्यंत जाते तेथे कॅनव्हास, आणि जेथे मुलांना ओझे वाहून न्यावयाचे आहे तेथे पॉलिएस्टर, असा आमचा कौल आहे. पॉलिएस्टरच्या तंबूवर १,५०० किंवा ३,००० मिलिमीटर असा आकडा छापलेला असतो. तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब ते कापड सोसते, एवढाच त्याचा अर्थ. वरच्या आच्छादनाला १,५०० पुरे. तळाला अधिक असावा, कारण मुलांचे गुडघे आणि कोपरे त्यावर दाब देतात. आकड्यापेक्षाही शिवणी महत्त्वाच्या. त्यांवर आतून पट्टी चिकटविलेली आहे की नाही ते बोट फिरवून पाहावे.

येथे एक गोष्ट कठोरपणे सांगितली पाहिजे. तंबू कोणताही असो, त्यात शेगडी, कोळशाची आगटी, स्टोव्ह किंवा गॅसची हीटर कधीही नेऊ नये. दार किलकिले ठेवूनही नेऊ नये. कोळसा वा वायू अपुऱ्या हवेत जळला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि प्राणवायूला जागाच उरू देत नाही. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते; आणि निजलेल्याला तर एवढेही कळत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन येथे थंडीसाठी गॅसची हीटर लावून खोली बंद करून निजलेले केरळचे आठ प्रवासी या रीतीने प्राणास मुकले; त्यांत चार मुले होती. ती तर हॉटेलची खोली होती. तंबू त्याहून कितीतरी लहान असतो. “थोडा वेळ शेगडी ठेवू, मग बाहेर काढू” असे म्हणणारा वडील माणूस शिबिरात असतोच. विद्यार्थिमित्रांनो, अशा वेळी तुम्ही आदराने पण स्पष्टपणे नाही म्हणा. फारच थंडी वाटली तर गरम पाण्याची रबरी पिशवी पायांशी घ्यावी, आणि निजण्यापूर्वी गूळ-शेंगदाणे खावेत.

आता आकार आणि मोजमाप. तंबूवर “चार माणसांचा” असे लिहिलेले असते, ते चार माणसे खांद्याला खांदा लावून निजली तर खरे; त्यांच्या पिशव्यांचा हिशेब त्यात नसतो. चारांचा तंबू तिघांना द्यावा. उलट, आठ-दहा जणांचा प्रशस्त तंबू तिघांसाठी घेणेही शहाणपणाचे नाही, कारण ती सारी हवा तुमच्याच अंगाने तापवावयाची असते. घुमटाकार तंबू वाऱ्यात सर्व बाजूंनी सारखा टिकतो आणि मेखा न ठोकताही उभा राहतो. मुलांसाठी तोच सोयीचा. त्याच्या काठ्या शक्य तर ॲल्युमिनियमच्या असाव्यात. फायबरच्या काठ्या स्वस्त असतात, पण त्या उभ्या चिरतात आणि त्यांच्या कुसांनी हात रक्तबंबाळ होतात.

मेखांकडे कोणी लक्ष देत नाही आणि रात्री वारा सुटला की सर्वांचे लक्ष तिकडेच जाते! आपले शहर दोन मातींच्या सीमेवर वसले आहे. पूर्वेस काळी रेगूर जमीन. ती हिवाळ्यात वाळून भेगाळू लागते आणि तीत बारीक मेख धरतच नाही. तेथे रुंद आणि लांब मेखा हव्यात, नाही तर तणावे दगड भरलेल्या पोत्यांना बांधावेत. पश्चिमेस तांबडी माती आणि जांभा. तेथे तंबूबरोबर आलेल्या तारेच्या मेखा पहिल्याच घावाला वाकतात, म्हणून लोहाराकडून जाड सळीच्या मेखा करून घ्याव्यात आणि लाकडी मोगरी बरोबर न्यावी. मेख तंबूपासून उलट्या बाजूस कललेली ठोकली म्हणजे तणाव्याच्या ओढीने ती उपटून येत नाही.

जागेविषयी थोडेसेच सांगतो. थंड हवा जड असते. ती रात्री उतारावरून वाहत जाऊन खोलगट भागात साचते. नदीकाठची सपाट हिरवळ दिसावयास सुंदर, पण पहाटे सर्वांत गार आणि सर्वांत ओली असते. तिच्यापेक्षा वीस-पंचवीस फूट वरची जागा घ्यावी. वाळक्या फांद्या नसतील तर झाडाचा आडोसा उत्तम. हिवाळ्यात आपल्या पठारावर वारा बहुतेक पूर्वेकडून येतो, तेव्हा दार पश्चिमेस करावे असे शास्त्र सांगते. मुलांना मात्र सकाळचे ऊन दारात हवे असते. आम्ही वाऱ्याच्या बाजूने कौल देतो. ऊन खावयास बाहेर यावे!

सहा तंबू एकदम विकत घेण्यापूर्वी एकच आणावा आणि शाळेच्या पटांगणात उभा करावा. तो सातवीच्या मुलांकडून उभा करवावा, दुकानातल्या माणसाकडून नव्हे. त्यांना अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला तर अंधारात त्यांचे काय होईल? वर्गातील सर्वांत उंच मुलास आत निजवून त्याचे डोके आणि पाय कापडाला टेकतात का पाहावे, कारण टेकल्या जागी पांघरूण हमखास ओले होते. नळी लावून दहा मिनिटे पाणी सोडावे. आणि शक्य असेल तर दोन-तीन मुलांना शिक्षकांच्या देखरेखीखाली एक रात्र त्यातच निजू द्यावे. पहाटे आतून हात फिरविला की दुकानदाराने न सांगितलेले सारे कळते. वर्गणी कमी पडल्यास सहाऐवजी चार चांगले तंबू घ्यावेत आणि मुलांना दोन तुकड्यांनी न्यावे. निकृष्ट सहा घेऊ नयेत.

शिबिराहून परतल्यावर तंबू जसाच्या तसा पिशवीत कोंबून कपाटात टाकण्याची रीत सर्वत्र आढळते. दवाने ओलसर राहिलेल्या कॅनव्हासला आठवडाभरात बुरशी येते आणि पॉलिएस्टरच्या आतील लेप सुटू लागतो. म्हणून त्याच दिवशी तो गच्चीवर उलटा पसरून सावलीत पूर्ण वाळवावा, माती झटकावी, आणि दर वेळी निराळ्या घडीने सैल बांधून उंदरांपासून दूर टांगून ठेवावा. मेखा मोजून वेगळ्या पिशवीत भराव्यात, आणि तंबूंबरोबरच डझनभर जादा मेखा घेऊन ठेवाव्यात. मुलांच्या शिबिरात तेवढ्या हरवतातच.